आकड्यांकडचं टोक

सांगलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर, विषयाच्या रकान्यात, मी गणित लिहिलं होतं. टाकानं, जपून, डाग न पाडता. गणिताच्या प्रोफेसरांनी फॉर्म वाचला, जातीच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि वर बघितलं.

"वडार म्हणजे ते गाढवांवरून माती वाहतात, ते?"

मी हो म्हणालो. माझ्या मागं रांगेत पंधरावीस पोरं उभी होती. इस्त्रीचे सदरे, नव्या वह्या, तेल लावून बसवलेले भांग. त्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "यांच्या बायका चोळी घालत नाहीत."

रांग हसली. प्रोफेसर त्याला रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. ओठ मिटून तेही हसले. मग 'गणित' या शब्दावर त्यांनी लाल पेन्सिलीची रेघ ओढली आणि बाजूला 'इतिहास' लिहिलं.

"तुला झेपायचं नाही ते. दगडमाती मोजायला कॉलेजचं गणित लागत नाही."

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला लाज वाटली. आईची लाज वाटली. आमच्या वडारांच्या बायकांना तेव्हा चोळी घालायची चाल नव्हती, माझ्या आईलाही नव्हती. उघड्या खांद्यावर पदर ओढून तिनं डोक्यावरनं मातीच्या पाट्या वाहिल्या आणि मला शिकवलं. त्या रांगेत उभा राहून मला तिचीच लाज वाटली. लाल रेघेचं मी पुढं काय केलं ते सांगणार आहे. त्या लाजेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही मातीवडार. जतच्या बाजूला विहिरी, तलाव, पाट, जिथं खणायचं काम निघेल तिथं आमची पालं पडायची. घरात आमची वडारी बोली, शेजारी कानडी, आणि मुकादमाशी मराठी. बाला, म्हणजे माझ्या बापाला, तिन्ही यायच्या, वाचता एकही येत नव्हती. पण खड्ड्याच्या काठावर उभा राहून नुसत्या नजरेनं बा सांगायचा की हे किती ब्रास भरेल, शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि त्यात फारसा फरक पडायचा नाही.

एक चाल मात्र इथंच सांगितली पाहिजे. वडार खड्डा खणतो तेव्हा मधोमध मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवतो. मूळ जमीन कुठवर होती आणि आपण किती खोल गेलो, त्याची ती साक्ष. माप घेऊन ते दोन्हीकडनं कबूल झाल्यावरच तो खुंट पाडायचा. मापाआधी स्वतःचा खुंट कुणी पाडत नाही, आणि दुसऱ्याच्या खुंटाला तर वडार हातच लावत नाही. भांडणात डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, पण कुणी कुणाचा खुंट पाडलेला पाहिला नाही.

माप घ्यायला ओव्हरसियर यायचा. त्याच्याकडं चामड्याच्या डबीतली टेप असायची. टेपेला एका बाजूला पितळी कडी. ती कडी तो बाच्या हातात द्यायचा आणि आकड्यांकडचं टोक स्वतःकडं ठेवायचा. बा कडी धरून खड्ड्यात वाकायचा, ओव्हरसियर वर उभा राहून आकडे वाचायचा. बाजू ढासळू नयेत म्हणून खड्डा वर रुंद आणि तळाला अरुंद ठेवावा लागतो. ओव्हरसियर फक्त तळ मोजायचा. वरचं जे जास्तीचं उपसलं ते त्याच्या वहीत कधी आलंच नाही. बाला ते कळायचं. नजरेनं कळायचं, पण नजरेचं माप वहीत कोण लिहून घेतो?

मी नऊ वर्षांचा असताना बानं मला साताऱ्याच्या एका बोर्डिंगात नेऊन सोडलं. जतपासून काही चालत, काही मालमोटारीच्या टपावर, मधे दोन मुक्काम. दारात सोडताना तो एवढंच बोलला, "कडी मी लय धरली. आता आकडं तू धर."

म्हणून गणित. हौस म्हणून नाही. पहिल्या वर्षाला गणित नसेल तर दुसऱ्या वर्षाला, इंटरला, मिळत नव्हतं, आणि इंटरला नसेल तर पुण्याच्या इंजिनिअरिंगचं दार बंद. मला इंजिनिअर व्हायचं होतं ते पूल बांधायला नव्हे. मला टेपेचं दुसरं टोक पाहिजे होतं.

तर त्या रांगेत मी हललो नाही. लाजेनं कान तापले होते, पण तोंड उघडलं. मॅट्रिकला मला गणितात चांगले गुण आहेत, गुणपत्रक जोडलं आहे, असं म्हणालो. प्रोफेसर म्हणाले की बोर्डिंगच्या पोरांचे गुण त्यांना ठाऊक आहेत. कॉलेजचा नियम असा होता की ज्याच्या तयारीबद्दल शंका असेल त्याची गणिताचे प्रोफेसर स्वतः चाचणी घेत. पास झाला तर गणित, नाहीतर इतिहास. जुलैअखेर याद्या लागत, आणि एकदा लागल्या की बदल नाही. हा नियम दारावरच चिकटवलेला होता. मी तो वाचून दाखवला.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला.

"बरं. रविवारी सकाळी बंगल्यावर ये."

मी पहिल्या रविवारी गेलो तो कोरी वही, पट्टी आणि कंपास घेऊन. आदले चार दिवस भूमिती घोकली होती. बंगला मिरजेच्या रस्त्याला, मागं मोठं आवार, पेरूची झाडं. प्रोफेसर व्हरांड्यात खादीचा सदरा घालून वर्तमानपत्र वाचत बसले होते. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, स्वराज्य आता दाराशी आहे असं तेच वर्गात सांगत. मला बघून ते उठले, आवारात घेऊन गेले, आणि म्हणाले की इथं बागेसाठी पाण्याचं टाकं खणायचं आहे, तुमच्या लोकांना जमिनीतलं कळतं, तर जरा जागा बघ.

मी जागा बघितली. वर काळी माती, खाली मुरूम. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट खोल, बाजू उतरत्या, असं सांगितलं. टिकाव कोपऱ्यात होता. त्यांनी खण म्हटलं नाही. त्यांनी टिकावाकडं बघितलं आणि मी तो उचलला.

मला हसू नका. हसायचं असेल तर हसा, पण आधी बोर्डिंग समजून घ्या. आमच्या बोर्डिंगात सगळेच राबत. मराठा, महार, मुसलमान, वडार, सगळी पोरं एका पंगतीत जेवत आणि एका शेतावर खपत. आम्ही शाळेच्या भिंती स्वतः उचलल्या होत्या. मास्तरही पाट्या वाहत. सकाळी माती, दुपारी बीजगणित. काम करणं आणि शिकणं यात मला कधी फट दिसलीच नव्हती. सरांनी काम सांगितलं म्हणजे सर आता शिकवणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या मास्तरांनी मला माणूस केलं, आणि त्यांनीच लावलेल्या सवयीनं मी इथं गडी झालो. हे समजायला मला पाच रविवार लागले.

पहिल्या दिवशी दुपारी मी चाचणीचं विचारलं. आज उशीर झाला, पुढल्या रविवारी, असं उत्तर आलं. दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडं पाहुणे होते. दुपारी प्रोफेसरांच्या बाईंनी पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. माझ्यासाठीचा चहाचा कप पेरूच्या बुंध्याशी पालथा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. तो मीच धुवायचा आणि परत पालथा घालायचा. बोर्डिंगात आठ वर्षं एका पंगतीत जेवलो होतो, त्यामुळं ओंजळ कशी धरतात हे मी विसरून गेलो होतो. पाणी कोपरावरून सांडलं. बाईंना वाईट वाटलं असावं, त्यांनी आणखी पाणी आणलं, पण तेही वरूनच.

आठवडाभर कॉलेजात माझं नाव दोन्हीकडं नव्हतं. इतिहासाच्या वर्गात मी जात नव्हतो. गणिताच्या वर्गात हजेरी घेताना माझं नाव यायचं नाही, म्हणून प्रोफेसर बाहेर बसायला सांगत. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसून उतरवून घ्यायचो. फळा दिसत नसे. ते बोलत तेवढंच लिहायचो आणि आकृती संध्याकाळी मनानं काढायचो. बहुतेक बरोबर यायच्या.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा विचारलं. जुलै निम्मा सरला होता. पावसानं ओढ दिली होती म्हणून खड्डा कोरडा होता, मी कमरेइतका खाली होतो. प्रोफेसर काठावर आले. मी खालून विचारलं की सर, यादी लागायच्या आत चाचणी होईल ना.

ते म्हणाले, "आधी टाकं पुरं कर. हातात घेतलेलं काम धड संपवायची सवय लागू दे तुम्हा लोकांना."

तेव्हा मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. वही दर रविवारी पिशवीत असायची, कोरी. मी मनाशी हिशेब करायचो की अजून दोन फूट, मग चाचणी. अजून एक फूट, मग चाचणी. टिकाव मारताना सिद्धांत पाठ म्हणायचो. माझ्याइतकं मन लावून त्या आवारात दुसऱ्या कुणी खणलं नसतं.

पाचव्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास टाकं झालं. बाजू तासून घेतल्या, तळ साफ केला. मधोमध खुंट उभा होता. मी तो ठेवायचा म्हणून ठेवला नव्हता. हातानंच ठेवला होता. हात बापाचे.

प्रोफेसर बघायला आले. खूश झाले. काठावरून फिरले, बाजूंना हात लावून पाहिला.

"झकास. पण मधे हे काय ठेवलंस?"

मी सांगितलं की मापाचा खुंट आहे, माप झालं की पाडतो.

"इथं कोण माप घ्यायला बसलंय? पाडून टाक."

मी पाडतो म्हणालो, आणि वर येऊन पिशवीतली वही काढली. हात पुसले. आता चाचणी घ्या म्हणालो. ते क्षणभर वहीकडं बघत राहिले, जणू ती कुठून आली हेच त्यांना कळेना.

"यादी काल लागली," ते म्हणाले. "तू बघितली नाहीस? तुला इतिहासात घातलंय. फीच्या नादारीसाठी मी स्वतः शब्द टाकला. तुझ्या भल्याचंच केलंय. इतिहास सोपा जाईल तुला."

मी यादी बघितली नव्हती. शनिवारी लवकर झोपलो होतो, रविवारी खणायला अंगात बळ पाहिजे म्हणून.

मला राग आला तो त्या वेळी. सावकाश आला. पायाच्या तळव्यातून आला. पाच रविवार मी त्यांचं टाकं खणत नव्हतो, माझ्याच वर्षाला खड्डा पाडत होतो, आणि टिकाव माझ्याच हातात होता. त्यांनी मला फसवलं म्हणावं तर त्यांनी एकदाही खोटा शब्द दिला नव्हता. नुसतं पुढं ढकललं होतं. त्यांना मी मुलगा दिसलोच नव्हतो. पहिल्या दिवशी रांगेत दिसला तो वडार, आणि टाकं तर खणायचंच होतं.

मी विचारलं, घरात टेप आहे का. टेप नव्हती. मग मी माझी पट्टी घेतली आणि खड्ड्यात उतरलो. एक फुटाची पट्टी. वरची लांबी रुंदी, तळाची, मधली, आणि खुंटाची उंची. पट्टी सरकवत सरकवत सगळं घेतलं. वर येऊन पायरीवर बसलो आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मांडलं. वर दहा बाय सहा, तळ आठ बाय चार, खोली सहा. वरचं क्षेत्र, तळाचं, आणि मधलं चारदा. बेरजेला सहानं भागून खोलीनं गुणलं. दोनशे बहात्तर घनफूट. नुसता तळ धरला असता तर एकशे ब्याण्णव. तेही खाली लिहिलं, कारण ऐंशी घनफूट माती कुठं जाते हे मला लिहिलेलं बघायचं होतं.

वही त्यांच्यापुढं धरली. म्हणालो, ही माझी चाचणी, तपासा.

त्यांनी वाचलं. नीट वाचलं, शेवटपर्यंत. चूक असती तर त्यांनी दाखवली असती, ते गणिताचे माणूस होते. त्यांनी वही मिटून मला परत दिली.

"तो खुंट पाड आणि जा," ते म्हणाले.

आठ वर्षं साताऱ्यात मी शुद्ध बोलायला शिकलो होतो. न आणि ण, श आणि ष, सगळं घोटून घेतलं होतं. त्या क्षणी ते सगळं गळून पडलं आणि तोंडातून बा बोलला.

"न्हाई पाडणार. माप कबूल झाल्याबिगर वडार खुंट पाडत न्हाई."

टिकाव काठावर ठेवला, वही पिशवीत घातली आणि फाटकातून बाहेर पडलो. आनंद वगैरे काही झाला नाही. भूक लागली होती आणि रडू येत होतं.

पुढचं मला नंतर समजलं. प्रोफेसरांनी मिरजेच्या रस्त्यावरच्या पालांमधून वडार बोलावले. दोघं आले, खड्ड्यात वाकून बघितलं, कुणी खणला, माप झालं का, एवढं विचारलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला, तोही तसाच गेला. मला ते ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत नव्हतो. शेवटी कुणा माळ्यानं पाडला असेल. चार घावांचं काम. पण वडारानं पाडला नाही.

पालांमधली बातमी टपालापेक्षा लवकर जाते. गुरुवारी बा कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. पोरं वळून वळून बघत होती. पंधरवड्यापूर्वी मी त्याला झाडामागं नेलं असतं. त्या दिवशी त्याच्याबरोबर फाटकातच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाच विचारलं.

"माप किती भरलं?"

"दोनशे बहात्तर घनफूट."

त्यानं डोळे बारीक केले, मनातल्या मनात खड्डा उभा केला. "म्हंजी पावणेतीन ब्रासाला जरा कमी. बराबर हाय." मग म्हणाला, "आता काय करनार?"

आम्ही दोघं प्रिन्सिपॉलांकडं गेलो. बा दाराबाहेर बसला. प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हते. वही त्यांनी बघितली, मांडणी चांगली आहे म्हणाले. पण यादी लागली, नियम म्हणजे नियम. इतिहासात राहा, नादारी आहे, पदवी तर होईल. गणितच पाहिजे तर हे वर्ष सोडावं लागेल, पुढल्या जूनला नव्यानं फॉर्म भरून चाचणी द्यावी लागेल, आणि वर्ष सोडलं की नादारीही जाईल. तुझ्या जागी मी असतो तर इतिहास घेतला असता, असं ते आपुलकीनं म्हणाले.

ते माझ्या जागी कधीच नसणार होते, हे त्यांना कसं सांगायचं? मी फक्त म्हणालो की माझं नाव खोडा. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

बाहेर आलो. बाला सांगितलं की वर्ष गेलं, येत्या जूनला परत येणार, आणि गणितच घेणार. बा उठला, धोतर झटकलं आणि चालायला लागला. मी त्याच्या मागून.

त्याच आठवड्यात मी जतकडच्या एका तलावाच्या कामावर टिकाव धरला. आईनं भाकरी जास्त वाढली. तिच्या खांद्यावर पाटीचा वळ होता. मी तो सरळ बघितला, नजर वळवली नाही.

महिन्यानं ओव्हरसियर मापाला आला. तोच, तीच चामड्याची डबी. बाचा खुंट मधोमध उभा. त्यानं टेप ओढली आणि न बघताच पितळी कडी बाच्या पुढं केली. बाचा हात पुढं झाला, तीस वर्षांच्या सवयीनं. मी मधे शिरलो आणि टेपेच्या डबीवर हात ठेवला.

"कडी तुमी धरा, सायेब. आकडं मी वाचतो. आन् आधी वरचं माप घ्याचं, मग मधलं, मग तळाचं."

काम थांबलं. पाट्या डोक्यावर घेऊन बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. ओव्हरसियरनं बाच्या तोंडाकडं बघितलं, याला आवर अशा नजरेनं. बा खाली बघत होता. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तसाच उभा राहिला. कडी लोंबकळत राहिली.

ओव्हरसियर म्हणाला की हात काढ, नाहीतर उद्यापासून तुमच्या पालाला काम नाही. तो खरं बोलत होता, तेवढं त्याच्या हातात होतं. मलाही ते माहीत होतं, बालाही. जून यायला अजून नऊ महिने होते. नऊ महिन्यांनी मी सांगलीला जाणार होतो, त्याच टेबलावर तोच फॉर्म ठेवणार होतो, त्याच रकान्यात तोच शब्द लिहिणार होतो, आणि चाचणी मागणार होतो ती बंगल्यावर नाही, फळ्यावर, रांगेतल्या सगळ्यांसमोर. तोपर्यंत जिथं जिथं टेप निघेल तिथं असंच मधे शिरायचं, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं.

मी हात काढला नाही.